फादर, सोमवारसाठी आम्हांला एक वाक्य द्या

आदरणीय फादर,

हे पत्र कुणा एका फादरांना नाही. रविवारी शुभवर्तमान वाचून झाल्यावर आम्ही खाली बसतो आणि जे आमच्याकडे पाहून बोलू लागतात, त्या सगळ्यांना आहे. सेमिनरीत शिकणाऱ्या आणि उद्या त्याच जागी उभ्या राहणाऱ्या तरुण बंधूंनाही आहे. मी प्रापंचिक बाई. गेली बावीस वर्षे मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, बायबलमधले पहिले वाचन वाचते आणि मिस्सातली पवित्र भाकर (कम्युनियन) प्रथमच घेणाऱ्या मुलांना धर्मशिक्षण देते. वाचन झाले की पहिल्या बाकाच्या टोकाला जाऊन बसते. तिथून तुम्ही दिसता, आणि मान जराशी वळवली की लोकही दिसतात. या जागेवरून जे पाहिले, तेवढेच लिहिते आहे.

२०१८ च्या ऑगस्टमधली गोष्ट. सामान्य काळातला, म्हणजे मोठ्या सणांच्या काळाबाहेरचा, एकोणिसावा रविवार; वाचनांच्या तीन वर्षांच्या क्रमातले ‘ब’ वर्ष. माझ्या वाट्याला राजांच्या पहिल्या ग्रंथाचा एकोणिसावा अध्याय आला होता. ईजबेल राणीच्या धाकाने एलिया संदेष्टा जीव घेऊन पळाला आहे, दिवसभर रानात चालून रतामाच्या झुडपाखाली येऊन बसला आहे आणि देवाला म्हणतो आहे, ‘आता पुरे.’ मरण मागतो आहे. कर्मेल डोंगरावर ज्याच्या प्रार्थनेने अग्नी उतरला, तोच हा माणूस. मग देवदूत येतो, त्याला हात लावून उठवतो आणि एवढेच म्हणतो, ‘ऊठ, खा.’ उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे. एलिया खातो, पितो आणि पुन्हा आडवा होतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो. ‘ऊठ, खा, तुला लांबचा पल्ला गाठायचा आहे.’

घरी मी हे चार वेळा मोठ्याने वाचले होते. त्याचे कारण माझी एक मैत्रीण. तिचा नवरा दीड वर्ष अंथरुणाला खिळून होता आणि त्याच आठवड्यात ती मला फोनवर म्हणाली होती, ‘आता पुरे झालं गं.’ अगदी हेच शब्द. त्या रविवारी कितीतरी महिन्यांनी ती चर्चमध्ये आली आणि चौथ्या बाकावर बसली. ‘आता पुरे’ हे शब्द मी वाचले तेव्हा तिने मान वर केली. मी ते पाहिले. वाचन संपवून जागेवर आले आणि थांबले, आता फादर हे वाक्य उचलतील म्हणून.

प्रवचन वीस-बावीस मिनिटे चालले. उशिरा येणाऱ्यांबद्दल होते, सभागृहाच्या दुरुस्तीबद्दल होते, आजकालच्या पालकांबद्दल होते. एलियाचे नावही आले नाही. शुभवर्तमानात येशू ‘मी जीवनाची भाकर आहे’ म्हणतो, तेही एका वाक्यात आटोपले. मैत्रीण पुढे कितीतरी महिने चर्चमध्ये दिसली नाही. ती त्या प्रवचनामुळे आली नाही असे मी म्हणणार नाही, ते खरे होणार नाही. पण त्या दिवशी तिच्यासाठी आलेली भाकर तशीच पडून राहिली, कुणी तिच्या हातात दिली नाही. याचे दुःख मला अजून आहे.

तेच वाचन २०२४ मध्ये पुन्हा माझ्याकडे आले. फादर दुसरे होते. ते दहा मिनिटेही बोलले नसतील. त्यांनी आम्हांला एकच गोष्ट दाखवली. एलियाला देव प्रश्न विचारतो, ‘तू येथे काय करतोस?’ पण तो कुठे विचारतो ते पाहा, असे ते म्हणाले. होरेब डोंगरावर, चाळीस दिवसांनंतर. झुडपाखाली विचारत नाही. झुडपाखाली तो भाकर देतो आणि झोपू देतो. मग वेदीकडे हात करून ते म्हणाले, ‘दमलेल्या माणसाला आपला देव आधी प्रश्न विचारत नाही, भाकर देतो. आता आपण तीच घेणार आहोत.’ आणि बसले.

दुसऱ्या दिवशी कामाच्या ठिकाणी शेजारच्या टेबलावरची बाई माझ्याजवळ येऊन रडली. ती ख्रिस्ती नाही. तिची आई जाऊन पंधरा दिवस झाले होते. ती म्हणाली, ‘तुम्ही दर रविवारी जाता ना, तुमचा देव अशा वेळी काय करतो?’ याआधीही हा प्रश्न मला लोकांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारला होता आणि दर वेळी मी काहीतरी पुटपुटून वेळ मारून नेली होती. त्या सोमवारी मात्र माझ्याजवळ एक वाक्य होते. मी ते सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, ‘हे कुठं लिहिलंय?’ मी तिला झुडपाखालच्या एलियाची गोष्ट सांगितली. एवढेच घडले. पुढचे देव जाणे.

फादर, या पत्रात मला जे सांगायचे आहे ते हेच. श्रद्धेची साक्ष द्या, शुभवर्तमान इतरांपर्यंत न्या, असे तुम्ही आम्हांला सांगता, आणि ते योग्यच आहे. ख्रिस्तसभेच्या कायद्यातही कॅनन (कलम) २११ प्रत्येक ख्रिस्ती माणसावर ही जबाबदारी टाकतो आणि तो त्याचा हक्कही मानतो. पण मिस्सामधले प्रवचन कॅनन ७६७ प्रमाणे फक्त धर्मगुरू किंवा डीकन (धर्मगुरूच्या खालच्या पायरीचा दीक्षित सेवक) यांनाच करता येते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला एवढेच दिसते की रविवार तुमचा आहे आणि सोमवार आमचा. सोमवारी आमच्याजवळ काय असेल, ते रविवारी तुम्ही आमच्या पदरात काय घालता यावर ठरते. आमच्यातले बहुतेक जण आठवडाभरात बायबल उघडत नाहीत. हा आमचा दोष आहे, तो मी झाकत नाही. पण म्हणूनच ती दहा मिनिटे आमच्यासाठी फार मोठी आहेत. कॅनन २१३ म्हणतो की देवशब्द आपल्या मेंढपाळांकडून मिळणे हा श्रद्धावंतांचा हक्क आहे. हक्काची भाषा मला आवडत नाही. भुकेची भाषा मला जास्त जवळची वाटते.

जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्येच सांगून ठेवले की प्रवचन हा उपासनेचाच भाग आहे. बायबलचे भांडार लोकांसाठी अधिक खुले करा, असेही तिने म्हटले. त्यातूनच १९६९ मध्ये रविवारच्या वाचनांचा तीन वर्षांचा क्रम आला. सामान्य काळात पहिले वाचन शुभवर्तमानाशी जुळेल असे मुद्दाम निवडलेले असते. कुणीतरी बसून, विचार करून, एलियाची भाकर आणि येशूची भाकर एकाच रविवारी समोरासमोर ठेवली. बावीस वर्षांत माझ्या वाचनाचा प्रवचनात किती वेळा उल्लेख झाला ते मी मोजलेले नाही, पण झाला ते रविवार मला आठवतात, इतके ते थोडे आहेत. यात वाचिकेचा मान दुखावण्याचा प्रश्न नाही. दोन हातांनी दिलेले एका हातानेच घेतले जाते, याची हळहळ वाटते.

बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांतला शुभवर्तमान सांगत फिरणारा फिलिप्प आठवा. रथात बसून यशया वाचणाऱ्या इथिओपियाच्या अधिकाऱ्याला तो विचारतो, ‘तुम्ही जे वाचता ते तुम्हांला समजते काय?’ तो म्हणतो, ‘कोणी सांगितल्याशिवाय कसे समजेल?’ आणि फिलिप्प ‘त्या शास्त्रलेखापासून आरंभ करून’ त्याला येशूविषयीचे शुभवर्तमान सांगतो. त्या माणसाच्या मांडीवर जे पान उघडे होते, त्याच पानापासून. आमच्याही मांडीवर दर रविवारी एक पान उघडे असते. सुरुवात तिथून व्हावी, एवढीच विनंती आहे. वर्तमानपत्रातल्या कात्रणापासून, मोबाईलवर फिरणाऱ्या बोधकथेपासून, इंटरनेटवरून उतरवून घेतलेल्या किंवा संगणकाकडून लिहवून घेतलेल्या तयार प्रवचनापासून नको. तसली प्रवचने वाईटच असतात असे नाही, काही तर फार सुबक असतात. पण ती कुणालाही उद्देशून असतात. माझा मुलगा सतरा वर्षांचा असताना एकदा घरी येता येता म्हणाला, ‘आई, फादर आज कुणाशी बोलत होते?’ मला उत्तर देता आले नाही.

रागावण्याबद्दलही लिहिलेच पाहिजे. जे येत नाहीत त्यांच्यावरचा राग जे आले आहेत त्यांना ऐकावा लागतो. आलेल्यांत कोण कसे आले आहे हे तुम्हांला वरून दिसत नाही, मला बाकावरून थोडेसे दिसते. कुणी वीस वर्षांनी पहिल्यांदा आलेला असतो आणि मागच्या खांबाआड उभा असतो. नासरेथच्या सभास्थानात येशूने यशयाचा ग्रंथ वाचला, गुंडाळी परत दिली आणि बसून म्हटले, ‘हा शास्त्रलेख आज तुम्ही ऐकत असताना पूर्ण झाला आहे.’ लूकने दिलेली ही प्रवचनाची सुरुवात केवढीशी आहे, आणि तिचा सगळा भार ‘आज’ या शब्दावर आहे. खांबाआडच्या माणसाला तो ‘आज’ ऐकायचा असतो.

लांबीबद्दल फार लिहीत नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी जून २०२४ मध्ये प्रवचन आठ मिनिटांपेक्षा जास्त नको असे सांगितले, ते सर्वांनी वाचलेच असेल. माझ्या मते मिनिटे हा खरा प्रश्न नाही. त्रोवस शहरात प्रेषित पौल मध्यरात्रीपर्यंत बोलला, युतुख नावाच्या तरुणाला झोप लागली आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. या घटनेत मला पौलाचे लांबलेले भाषण तितकेसे लक्षात राहत नाही. तो बोलणे थांबवून खाली उतरला आणि त्या मुलाला त्याने कवटाळले, ते लक्षात राहते. ज्याला आपल्यासाठी कुणी खाली उतरेल असा विश्वास असतो, तो पहाटेपर्यंतही ऐकतो.

‘फादर आज कुणाशी बोलत होते?’ या माझ्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मला पुढे एका अंत्यविधीत मिळाले. माझ्या वडिलांच्या. नियमाप्रमाणे अंत्यविधीच्या मिस्सात प्रवचन थोडक्यात असते आणि ते मृताच्या गुणगौरवाचे भाषण होऊ द्यायचे नसते, हे मला ठाऊक होते. आदल्या रात्री एक तरुण फादर आमच्याकडे आले आणि तासभर बसले. जवळजवळ काहीच बोलले नाहीत. आम्हीच बोलत होतो. वडील शेवटचे सहा महिने सारखे दाराकडे बघत असत, कुणाची वाट बघतात ते कळत नसे, असे माझी आई त्यांना म्हणाली. दुसऱ्या दिवशी फादरांनी वडिलांची स्तुती केली नाही. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातले एकच वाक्य घेतले, ‘तो दूर आहे तोच त्याच्या पित्याने त्याला पाहिले’, आणि म्हणाले की दाराकडे दोन्ही बाजूंनी बघितले जाते. आईने त्यानंतर पाच वर्षे ते वाक्य जपले. शेजारणींना सांगितले, दवाखान्यात नर्सला सांगितले, स्वतःच्या शेवटच्या आजारपणात मला सांगितले. शुभवर्तमान कसे पसरते असे मला कुणी विचारले, तर मी हे सांगेन.

ते वाक्य आदल्या रात्रीच्या त्या तासातून आले होते. पुनरुत्थानानंतर अम्माऊस गावाच्या वाटेवर, त्याला न ओळखणाऱ्या दोन खचलेल्या शिष्यांना येशूही आधी विचारतोच, ‘तुम्ही चालताना एकमेकांशी काय बोलत आहात?’ त्याला ठाऊक नव्हते म्हणून नव्हे. ‘आम्हांला आशा होती’ असे त्या दोघांनी स्वतःच्या तोंडाने म्हणेपर्यंत तो ऐकत राहतो, मग शास्त्र उलगडतो, मग भाकर मोडतो. आमची मिस्सा याच क्रमाने चालते, फक्त पहिली पायरी बहुतेक वेळा सुटते. म्हणून माझी एक साधी सूचना आहे. आठवड्याच्या सुरुवातीला एका संध्याकाळी पाच-सहा जणांना बोलवा. एखादी आई, एखादा बेकार तरुण, नुकतीच विधवा झालेली कुणी, प्रश्न विचारणारा कॉलेजचा मुलगा. येत्या रविवारची वाचने मोठ्याने वाचा आणि विचारा, ‘यात तुम्हांला काय ऐकू येते?’ तासभर पुरे. प्रवचन तुम्हीच करायचे आहे, ते आम्ही लिहून देणार नाही. ही काही माझी नवी कल्पना नाही. अमेरिकेतल्या बिशपांच्या समितीने १९८२ मध्ये प्रवचनावरच्या आपल्या पुस्तिकेत असा गट सुचवला होता. २०१८ च्या त्या आठवड्यात असा गट असता, तर ‘आता पुरे’ म्हटलेली एक बाई आपल्यात आहे, हे फादरांना आधीच कळले असते.

तुमच्यावर किती ओझे आहे हे मला थोडेफार ठाऊक आहे. शनिवारी लग्न, संध्याकाळी मिस्सा, रात्री कुणाचे तरी निधन, रविवारी पुन्हा दोन-तीन मिस्सा, मध्ये हिशेब, शाळा, दुरुस्त्या. तरीही पोप फ्रान्सिस यांनी २०१३ च्या आपल्या प्रेषितीय उद्बोधनात प्रवचनाच्या तयारीवर पानेच्या पाने लिहिली. इतर महत्त्वाच्या कामांना कमी वेळ मिळाला तरी चालेल, पण तयारीला भरपूर वेळ द्या, असे त्यांनी सांगितले. तयारी न करणाऱ्याला त्यांनी अप्रामाणिक म्हटले आहे. शब्द कडक आहे, मी तो वापरला नसता. पण त्याच ठिकाणी, प्रवचनाचा त्रास ऐकणाऱ्यांना होतो तसा करणाऱ्यांनाही होतो, असेही त्यांनी मान्य केले आहे. ते वाचून मला पहिल्यांदा लक्षात आले की तुम्हांलाही शनिवारी रात्री कोरा कागद समोर घेऊन बसणे जड जात असेल. आणि तुम्हांला कुणी प्रवचन देत नाही.

इसवी सन ४०० च्या सुमारास कार्थेजच्या देओग्रातियास नावाच्या डीकनने संत ऑगस्टीनकडे हेच दुखणे सांगितले होते. श्रद्धेची तीच ती प्राथमिक शिकवण नवशिक्यांना सांगताना मला स्वतःलाच कंटाळा येतो, असे त्याने कळवले. ऑगस्टीनने त्याला अख्खा ग्रंथ लिहून उत्तर दिले. सुरुवातीलाच तो म्हणतो की मलाही माझे बोलणे जवळजवळ नेहमीच नापसंत असते, मनात जे उजळते ते जिभेपर्यंत येईतो फिके पडते. पण तेवढ्याने ऐकणाऱ्यालाही ते फिके वाटते असे समजू नको, असे तो सांगतो. आणि पुढे एक फार सुंदर गोष्ट लिहितो. आपण ज्या जागा रोज पाहतो, ज्यांच्यावरून आपली नजर सहज निसटते, त्याच जागा कधी न पाहिलेल्या मित्राला दाखवायला नेल्या की त्याच्या आनंदाने आपल्यालाही त्या नव्या होतात. आणि मित्र जितका जवळचा, तितक्या जास्त नव्या होतात. मी धर्मशिक्षणाच्या वर्गात हे अनुभवले आहे. हरवलेल्या मेंढराचा दाखला मी बावीस वेळा शिकवला. गेल्या वर्षी एका आठ वर्षांच्या मुलीने विचारले, ‘मेंढराला माहीत होतं का, आपण हरवलोय ते?’ त्या रात्री मी तो दाखला पुन्हा उघडून बसले.

म्हणून कंटाळा आलेल्या फादरांना माझी विनंती आहे की नवा विषय शोधू नका. आमच्या जवळ या. आमच्या डोळ्यांतून ते जुने पान पुन्हा नवे होईल.

आमच्या बाजूनेही एक कबुली द्यायची आहे. चांगले प्रवचन झाले तर आम्ही दारात ‘छान झालं, फादर’ म्हणतो आणि निघतो. वाईट झाले तर घरी जाऊन आपापसात बोलतो. काय पोचले, कुणापर्यंत पोचले, हे तुम्हांला कधीच कळत नाही. २०२४ च्या त्या फादरांनाही मी सोमवारची हकिगत सांगितली नाही, आणि आता त्यांची बदली झाली आहे. ती या पत्रातून सांगते आहे. फादर, तुमचे ते वाक्य दुसऱ्याच दिवशी एका रडणाऱ्या बाईपर्यंत पोचले. यापुढे जेव्हा जेव्हा एखादे वाक्य माझ्याबरोबर सोमवारपर्यंत येईल, तेव्हा ते कुठे गेले हे मी परत येऊन सांगेन. माझ्यासारख्या इतरांनीही सांगावे, म्हणून मी त्यांनाही गळ घालणार आहे.

२०२७ च्या ऑगस्टमध्ये ‘ब’ वर्षातला एकोणिसावा रविवार पुन्हा येईल. देवाने ठेवले तर वाचन मीच करेन. त्या वेळी आमच्याकडे कोणते फादर असतील ते मला माहीत नाही. माझी ती मैत्रीण आता परत येऊ लागली आहे. नवरा गेला, ती एकटीच असते, आणि अजूनही चौथ्या बाकावरच बसते.

आपली नम्र,
एक वाचिका